नाव विणलेले टॉवेल

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, पहाटे सव्वाचार.
शेठचा फोन आला आणि बत्तीसपैकी अठ्ठावीस माग
एकामागून एक गप्प झाले.
मी पॅकिंग लिस्टवर चौदा नंबरचा खोका लिहीत होतो.
मल्लेशमने कानातला कापूस काढला,
मागाकडे बघत म्हणाला, "आगिंदी."
तेलुगूत थांबण्याला एवढा छोटा शब्द आहे.

तिकडे कुणीतरी एका कागदावर सही केली होती.
तिकडे तेव्हा संध्याकाळ असणार,
टेबलावर पाण्याचा पेला,
आणि सांडलंच तर पुसायला
कापसाचं काहीतरी.

ड्यूटी वाढली.
किती, ते नारायणशेठना तिघांनी तीन आकड्यांत सांगितलं.
त्यांनी मधला धरला
आणि चहा न पिता खाली ठेवला.

सव्वानऊला बाजार उघडला.
शेठचा भाचा नवीन सुताच्या काट्यावर फोन ठेवून बघत होता.
टोकियो आधीच पडलं होतं, हाँगकाँगही,
फ्रँकफर्ट अजून झोपेत होतं.
सगळं लाल, लाल, लाल.
काटा मात्र स्थिर: एकशे नव्वद ग्रॅम.
आमचा अंघोळीचा टॉवेल याच्या अडीचपट भरतो.

माझेही त्यात आहेत.
दर महिन्याच्या पाच तारखेला हजार रुपये जातात,
पगार उशिरा झाला तरी ते वेळेवर जातात.
फंडाच्या पोराने एकदा समजावलं होतं,
काका, यातले थोडे अमेरिकेतल्या दुकानांमध्येपण असतात.
म्हणजे ज्या दुकानाने आज आमचा माल थांबवला
त्याचा मी मालक आहे,
एका धाग्याएवढा.
मालक म्हणून मला कुणी काही विचारलं नाही.

दुपारी शिवणीच्या मशीनवरून यल्लम्मा उठून आली.
"नाही म्हणाले का?"
नाही.
"मग हो म्हणाले?"
तेही नाही.
टीव्हीवर याला अनिश्चितता म्हणतात, मी सांगितलं.
ती म्हणाली, असू दे,
डबा आता खाऊ की घरी नेऊ तेवढं सांगा.

आठव्या दिवशी सही पुढे ढकलली. नव्वद दिवस.
बाजार असा उसळला की नवीनने
अख्ख्या खात्याला भजी खाऊ घातली,
तेलाचे हात पुसायला कुणी काही मागितलं नाही,
माल भरपूर होता.
माग मात्र चारच चालू.
तिकडून दोन ओळींची मेल आली: थांबा, बघू.
किती थांबा, काय बघू,
ते तिसऱ्या ओळीत असेल म्हणून मी खाली सरकवत राहिलो.
खाली नुसती पांढरी जागा.

अडचण अशी की त्या टॉवेलांवर नाव विणलेलं होतं,
समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलचं,
पांढऱ्यावर पांढरं.
उजेड तिरका पडला तरच वाचता येतं.
दुसरं कोण घेणार?
चौऱ्याहत्तर खोके महिनाभर भिंतीला टेकून उभे राहिले,
मग किलोवर गेले, साखर पेठेत, अशोक चौकात,
रसवंतीवर, टायरच्या दुकानात,
एका लग्नात तर पाहुण्यांच्या हातात आहेर म्हणून.
माझ्या फंडाचा आकडा त्याच महिन्यात
जुन्या जागी परत आला, वर चाळीस रुपये.
ते कुणाकडून आले
मला शोधता आलं नाही.

काल बसवराजच्या दुकानात दाढीला बसलो.
त्याने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला,
ट्यूबलाइट बाजूने पडली,
आरशात ते नाव उलटं उमटलं.
माझ्याच अक्षरात खोक्यावर लिहिलेलं, म्हणून ओळखलं.
"हे गाव कुठं आलं हो?" त्याने विचारलं.
समुद्रावर, म्हणालो.
"मग तिथले लोक आता
अंग कशानं पुसत असतील?"

मी काही बोललो नाही.
वस्तरा गळ्यावर होता.