मापाची वही

इंगवले आचाऱ्यांचा पाय माझ्या वहीत आहे.
एकवीस वर्षं, एकवीस पानं.
दसऱ्याच्या आधी यायचे, कागदावर उभे राहायचे,
मी टाचेपासून अंगठ्यापर्यंत शिसपेन्सिल फिरवायचो
आणि ते वरून सांगायचे,
"कापशीच पायजे. अन् करकर वाजली पायजे.
मांडवात शिरलो की वाढप्यांना कळाय पायजे, मी आलो."

यंदा संध्याकाळी आले.
रेघ जुन्या रेघेच्या बाहेर गेली, बोटभर.
म्हटलं, कागद सरकला असंल. पुन्हा काढली.
मग घोट्याच्या वर अंगठा दाबला, सहज,
ओलं कातडं दाबून बघतो तसा.
खड्डा पडला.
आणि तसाच राहिला.
हौदातनं काढलेलं म्हशीचं कातडं असं करतं,
जित्या माणसाचं नाही.
"अण्णा, चप्पल ऱ्हाऊ द्या. आधी सीपीआरला जाऊन या."

हृदय दमलंय, म्हणाले तिथं.
भरलेल्या शंभरातलं पंचवीसच पुढं ढकलतंय.

माझी भाची उज्ज्वला विद्यापीठात जंतूंवर शिकते.
सुभाषनगरच्या दुकानात, पायरीवर, चिरमुरे खात सांगत होती,
"मामा, दुखणं छातीत आहे, पण कुरबुर पोटातनंही आहे.
हृदय ढकलेना की रक्त मागं तुंबतं.
आतड्याची भिंत फुगते, शिवण सैल होते,
आणि आत नांदणारे जंतू,
ते नाहीत तर त्यांचे तुकडे, झिरपतात रक्तात.
रक्त चिडतं. हृदय आणखी दमतं.
आधी कोण, मागनं कोण, हे भांडण अजून मिटलेलं नाही."
आणि मटण?
"त्यातलं काहीबाही जंतू खातात, त्याचा वायू यकृतात जातो,
तिथं त्याचं जे बनतं
ते असल्या पेशंटांच्या रक्तात जास्त सापडतं.
पण सगळेच वाईट नसतात हं.
ज्वारीचा कोंडा, हुलगे, पालेभाजी मिळाली
तर काहीजण भिंत लिंपतातसुद्धा."

मी हसलो. मला ही मंडळी नवीन नाहीत.
आजोबांचा हौद होता. चुना, बाभळीची साल, हिरडा.
कातडं किती भिजवायचं ते नाकानं ठरवायचे.
एक दिवस कमी, केस सुटत नाहीत.
एक दिवस जास्त, चाळण.
"खाणारे हायत आत," म्हणायचे, "दिसत न्हाईत.
त्यांस्नी हाकलायचं न्हाई. येळेवर थांबवायचं."
गाव नाक धरून जायचं त्या हौदावरनं
आणि लग्नात त्याच कातड्यावर उभं राहून मिरवायचं.
ह्याचा राग आजोबांना होता का, माहीत नाही.
मला आहे.

इंगवल्यांना आता दिवसाला दीड लिटर पाणी, मापून.
मीठ जवळजवळ नाहीच.
हजार पानांच्या तांबड्या रश्श्यात
किती चिमटी कमी पडलं ते सांगणारी जीभ
हुलग्याच्या अळणी माडग्यापुढं बसते.
"ह्यात काय हाय?"
"हे आतल्या लोकांचं हाय," सून म्हणते, "तुमचं न्हाई."
मग ते पोटावर हात ठेवतात.
"बसा रे. पंगत बसलीया.
जलमभर परक्यांना वाढलं, तुमालाच तेवढं इचारलं न्हाई."

मी चप्पल केली.
आजवर केलं नाही ते केलं, पट्ट्याला बक्कल लावलं.
सकाळी दुसरं भोक, संध्याकाळी चौथं.
आजोबांनी रापी फेकून मारली असती.
करकर ठेवू का, विचारलं.
ते बराच वेळ पायाकडं बघत बसले.
"ठेव. पर बारीक ठेव.
रातीचं सारखं उठावं लागतंय, सून जागी हुती."

वहीत आता एका पानावर दोन पाय आहेत,
सकाळचा आत, संध्याकाळचा बाहेर.
मधे जी चिंचोळी जागा उरते
तिथं मी तारीख घालतो.