मोकळं टोक

नवा दोर आला. साठ मीटर, पांढऱ्यात निळी रेघ.
एका टोकाला कारखान्यानंच सांधून दिलेला डोळा,
दुसरं टोक मोकळं,
आचेवर वितळवून गोळा केलेलं.
उद्या धारूरच्या बसस्थानकामागची चिंच छाटायचीय,
तारांवर झुकलेल्या तीन फांद्या.
या टोकाचं काय करायचं
ते आज रात्रीच ठरायला हवं.

मुजीब म्हणतो, गाठ मार.
आठाची गाठ, मग तिचाच माग काढत उलट यायचं,
वीतभर शेपूट सोडायचं.
गाठ तोंडावर बोलते, म्हणतो,
चुकली तर खालूनही दिसते.
सांध्याचं पोट कोण फाडून बघणार?

पण गाठीत दोर वाकतो,
आणि वाकला की बळ गळतं,
रुपयातले पाच आणे तरी.
तुटायचा झाला की गाठीच्या गळ्याशीच तुटतो.
हे मला कुणी शिकवलं नाही,
आडसच्या विहिरीत मोटार पडताना पाहिलंय.

मग दोर खांद्यावर टाकून सटवामामाकडे गेले.
त्याच्या उजव्या मांडीवर केस नाहीत,
चाळीस वर्षं घायपाताचा वाख तिथंच वळला.
टोक चाचपलं त्यानं, नाकाशी नेलं.
"वास कामून न्हाई ह्याला?"
गोळा कोयत्यानं उडवला, वरची वीण मागं सारली,
आणि थांबला.
"अगं, ह्याच्या पोटात आणखी एक दोर हाय की!"

तीन पेडांचा माणूस तो.
पेड उकलायचे, एकाखालून एक घालायचे,
दर फेऱ्याला कातरत निमुळते करत न्यायचे,
मग हात फिरवला तरी कळू नये
दोर इथं स्वतःतच परत शिरलाय.
बैलानं हिसका दिला, बारव तळाला गेली,
मामाचा सांधा सुटला असं कुणी ऐकलं नाही.
पण आतला दोर आणि बाहेरची साल,
एकाचं ओझं दुसऱ्यावर कसं सोपवायचं
ते त्या बोटांना ठाऊक नव्हतं.
बराच वेळ उलटंपालटं केलं.
"येत न्हाई मला हे," म्हणाला.
मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.
"आन् न येणाऱ्याच्या सांध्यावर
तू चढायचं न्हाई."

मग कोपऱ्यातला आमचाच जुना दोर ओढला,
तीनपेडी, करवत वर घ्यायचा.
चहा निवायच्या आत त्याला डोळा घालून दिला.
काही न बोलता. जरा रागातच.

सकाळी आठाची गाठ मारली.
मुजीबनं गुडघा लावून आवळली,
शेपूट मोजलं, पुन्हा मोजलं.
दुसऱ्या बेचक्यातून दोर ओढून घेताना
गाठ अडकली. पक्की.
चार हात मागं सरकून सोडवावी लागली,
मुंग्या चावत होत्या, खाली रिक्षावाले सल्ले देत होते,
मी मुजीबला तोंडात येईल ते बोलले.
त्याच बेचक्यातून करवत वर आली,
मामाचा सांधा पानालासुद्धा न लागता.

संध्याकाळी गाठीचा दगड झाला होता.
मामाची बाभळीची खुंटी घालून उकलली.
नखानं वीत वीत तपासली,
एका ठिकाणी वीण पिंजलेली, कापसासारखी.
सांध्यात हे दिसलं असतं का,
मुजीब विचारतो.
माहीत नाही. कारखान्याचा डोळाही आता
मी दिवसातून दोनदा उजेडात धरते.

पिंजलेला हातभर तुकडा कापला.
मोकळं टोक पुन्हा आचेवर धरलं.
तुकडा मामानं मागून घेतला.
लाईट गेलीय, तो ओट्यावर बसलाय,
मांडीवर तुकडा घेऊन
आतला दोर बाहेर काढतोय,
परत आत घालतोय.