उन्हाची पुडी

बाबा वजनमापं खात्यात होते.
सियागंजपासून मल्हारगंजपर्यंत
कुणाचा किलो किती ग्रॅमनं खोटा
हे त्यांना दुकानदाराच्या नावाआधी ठाऊक.
तराजूचा काटा थरथरत थांबेपर्यंत
ते श्वाससुद्धा बेतानं घेत.

या चैत्रात त्यांना तहान लागू लागली.

आम्ही म्हणालो, ऊन.
सुदामानगरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड,
माठ दुपारीच खडखडीत,
रात्री तीनतीनदा मोरीचा दिवा.
मग जेवण सुटलं.
पोह्यांवरची शेव बोटानं बाजूला सारत म्हणाले,
सगळ्याला पैशाची चव येते,
जुन्या, तांब्याच्या.
मग पोट बसलं. इसबगोल झालं, एरंडेल झालं.
आणि एका मंगळवारी मला विचारलं,
"शाळेची बस चुकली ना? मग आलीस कशी?"
मी एक्कावन्न वर्षांची आहे.

डोक्याचे फोटो निघाले. डोकं स्वच्छ.
रक्तात कॅल्शियम सापडलं,
एखादी भिंत सारवून होईल इतकं.

डॉक्टरीण पोरगेलीशी. पेन थांबवून म्हणाली,
आजोबा, काय काय घेता?
"औषध एकही नाही. ताकदीचं तेवढं."

ताकदीचं.
आमच्यात ते औषधात धरत नाहीत,
डिंकाच्या लाडवाचं धाकटं भावंड ते.
पंगतीतल्या तुपासारखं,
आडवा हात धरला तरी आणखी एक धार.

घरी येऊन डबा उघडला.
आईचा. सात खणांचा, निळ्या झाकणाचा.
शुक्रवारच्या खणावर तिनं नेलपेंटचा लाल ठिपका दिलेला:
साठ हजारांची ती पुडी,
आठवड्याला एकच, कोमट दुधातून,
तिच्या ठिसूळ मणक्यांसाठी.
उन्हाची पुडी, म्हणायची ती,
आणि खिडकीबाहेर माळव्याचं ऊन फुकट सांडलेलं असायचं.

सातही खणांत पुड्या होत्या.

डब्याखाली बिलं, टाचणीनं टोचलेली,
तारखेवार, खात्यातल्या फायलीसारखी.
दवाबाजारातलं तेच दुकान.
पेशंटचं नाव: सौ. कुमुदिनी तारे.
नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारीत दोन.
फेब्रुवारी, मार्च.

आई ऑक्टोबरात गेली.

तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी
त्याच आठवड्यात टाकल्या होत्या.
दुसऱ्याचं औषध घेऊ नये
एवढं त्यांना कळत होतं.

दुकानातला मुलगा कावराबावरा झाला.
"बाबूजी पर्ची माताजी की ही लाते थे.
मैंने पूछा भी था, अब कैसी हैं?
बोले, पहले से ठीक हैं."

सलाईनच्या चौथ्या दिवशी गढूळपणा खाली बसला.
मी काही विचारलं नव्हतं.
छताकडे बघत आपणच म्हणाले,
"आठवड्याला एकच भरायची म्हणजे
सहा खण रिकामे दिसायचे."
जरा वेळानं, साहेबी आवाजात:
"माप चुकलं. मान्य आहे."

मूत्रपिंडाचा काटा थोडा हललाय.
पूर्वीच्या खुणेवर येईलच असं नाही, म्हणाली ती.
दूध बेतानं, ऊनही बेतानं,
पाणी मात्र भरपूर.
आता तांब्या घेऊन सावलीत बसतात,
पेपरमधल्या जाहिराती भिंग लावून वाचतात,
खालची बारीक अक्षरं मोठ्यानं.

आईचा फोन अजून चालू आहे.
रिचार्ज तेच करतात, मी विषय काढत नाही.
काल त्यावर दुकानाचा मेसेज आला:
कुमुदिनीजी, आपकी दवा खत्म होने वाली है.
चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी दोनदा वाचला,
फोन माझ्यापुढे धरला.

"उत्तर दे त्यांना.
लिही,
सध्या नको आहे."