अनशापोटी

गोरव्याच्या औषध कंपनीत माझं काम एवढंच:
घडीच्या पातळ कागदावर
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात
इंग्रजीचं मराठी करायचं.
'एम्प्टी स्टमक' आलं की मी लिहिते, अनशापोटी.
पुण्याहून तपासून येतं: 'रिकाम्या पोटी. सोपे लिहा.'
समोरच्या टेबलावर जागृतीबेन गुजराती करतात.
त्यांच्याकडे 'नरणा कोठे'.
डबा खाताना आम्ही एकमेकींचे शब्द चाखून बघतो.
त्या म्हणतात, तुमच्या मराठीत
पोटसुद्धा संस्कृत पाठशाळेत जाऊन आलेलं असतं.

एम्प्टी. एकच शब्द,
रेल्वेतल्या चादरीसारखा
कुणाच्याही अंगावर.
आपल्याकडे तसं चालत नाही.
बाटली रिकामी, पण मैदान मोकळं.
वही कोरी, वेळू पोकळ, हात भुंडे.
गाव उठून गेलं की ओस,
आणि गाव जागच्या जागी असून
एकच माणूस नसेल, तर ओकंओकं.
रिक्षा 'खाली छे', आणि रिक्षावाला त्यात खूश.
घागर मात्र रिती.
रितीच्या तळाशी थोडी ओल असते,
रिकामीच्या नसते.

डब्यातले तांदूळ तर संपतसुद्धा नाहीत.
'तांदूळ वाढलेत गं,' म्हणत आई पिशवी हातात द्यायची,
आणि मी खरंच वाढलेत समजून
डब्यात डोकावायचे.

मार्चमधला मंगळवार. कारेलीबाग.
पोटावर गार जेल,
डॉक्टर पडद्याकडे बघत बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, 'सॅक आहे. एम्प्टी आहे.'
नऊ आठवडे, तेही मोजून सांगितलं.
पुसायला कागद दिला.

मी आधी शब्द शोधला.
रडणं नंतर. सवय.
पिशवी रिकामी:
हे मंडईतून परत आल्यासारखं.
पोकळ:
म्हणजे पहिल्यापासून खोटंच होतं सगळं.
कोरी म्हणावं,
तर कुणी लिहायलाच घेतलं नव्हतं असं होतं.
घेतलं होतं की.
मळमळ होती, कढीपत्त्याच्या वासाची चीड होती,
दोन नावं होती, त्यातलं एक
मी अजून निरंजनलाही सांगितलं नव्हतं.

तो खाली स्कूटरपाशी,
माझं हेल्मेट काखेत धरून.
'काय म्हणाल्या?'
मी नुसती मागे बसले.
अलकापुरीच्या गरनाळ्यात, डोक्यावरून
कुठलीशी गाडी धडधडत जात असताना
त्याच्या पाठीला सांगितलं:
'वाढलं.'

तो मान किंचित वळवून
म्हणाला, 'किती?'

पुढचं घरी, दिवा न लावता.

तीन दिवसांनी खानविलकर काकू आल्या,
मुगाचं कढण घेऊन.
'मोकळी झालीस बाई, आता विचार नको करू.'
मोकळी तर बाळंत झालेलीला म्हणतात.
काकूंना ते माहीत होतं,
म्हणजे बोलून झाल्यावर आठवलं.
मग आम्ही दोघी
स्टीलच्या डब्याच्या झाकणाकडे बघत राहिलो.
त्यावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं,
आणि साल.

सोमवारी कामावर गेले.
जागृतीबेन काही बोलल्या नाहीत.
थेपल्याची घडी अर्धी करून
माझ्याकडे सरकवली, छुंद्यासकट.

टेबलावर नवं पत्रक.
वापरानंतर एम्प्टी पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही
अशा जागी टाकून द्यावे.
मी 'रिकामे' लिहिलं.
सोपं लिहिलं.
पुण्याहून या वेळी
काहीच परत आलं नाही.