सोमवारचं शून्य

सिनाझोंग्वेच्या कचेरीत, सोमवारी दहाच्या आत
चौदा वस्त्यांचे चौदा मेसेज यायचे असतात.
तेरा आले. शून्य. शून्य. शून्य.
शाळेत भोपळा मिळाला की रडायचे मी;
आता तेरा भोपळे वहीत मांडते, जपून,
आई छपरावर मांडायची तसे.

चौदावा नाही. हामून्गाला फोन लावला.
"कोणी आजारीच नाही बाई, कळवू काय?"
"तेच कळवा. शून्य.
गप्प बसलात तर मला काय दिसणार?
बॅटरी संपली, की नदी चढली,
की गोधडीखाली कुणाचं पोर कुडकुडतंय?"
तो हसला. शून्य आलं, साडेअकराला.

गुरुवारी त्याचाच मेसेज: एक.
चूंगू, वय अकरा. काकाबरोबर
पलीकडच्या काठाला कापेंटा धरायला गेला होता,
सात रात्री, होडीत, मच्छरदाणीशिवाय.

हामून्गा निघाला. पिशवीत सुया, पट्ट्या, कापूस.
चूंगूच्या अंगणापासून पावलं मोजत
घर, मग घर, मग बकऱ्यांचा गोठा, मग घर.
एक म्हातारी म्हणाली, "ताप मला नाही,
तुला आलाय, असल्या उन्हात हिंडतोस!"
तरी बोट पुढे केलं.

सोळा बोटं, सोळा थेंब.
पंधरा पट्ट्यांवर एकेकच रेघ.
दुसरी रेघ उमटली
म्हातारीच्या पट्टीवर. पुसट.
तिनं ती उजेडात धरून पाहिली,
आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

आज पुन्हा सोमवार. दहाला पाच कमी.
तळ्यावर ढग आलेत, नेटवर्क जातं-येतं.
चौदावी चौकट कोरी आहे.
मी पेन उघडून बसलेय.