गॅस्केट

कुकरचं गॅस्केट सैल झालंय,
हे मी रमजानच्या आधीपासून सांगतेय.
ईद होऊन गेली.
वाफ कडेने निसटते, शिट्टी होतच नाही.

गाडीचं हेड गॅस्केट मात्र
ओसाकाहून अकरा दिवसांत शारजात पोचलं,
बाळंतविड्यासारखं गुंडाळलेलं.
ह्यांनी ते सोफ्यावर उघडलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मी म्हणावं, नाक तुमच्यावर गेलंय.

नव्वद सालची निसान.
नाव पॅट्रोल, काम पेट्रोल पिण्याचं.
जिथून उचलून आणली
त्या भंगारवस्तीचं नाव सजा,
हे मी जुळवून सांगत नाहीये.

सहा वर्षं.
ऑगस्टात रात्री अकराला हे बॉनेटखाली,
आणि खालून शमसुल वॉचमनचा फोन:
भाभी, साहब को पानी भेजो.
कार्ब्युरेटर माझ्या पातेल्यात उकळलं.
ते पातेलं आता गाडीचं.

गेल्या महिन्यात मी बोलले.
आवाज चढवला नाही.
म्हटलं, जुईच्या फीचा हप्ता आहे, आणि ही आहे.
हे बराच वेळ नखातलं ग्रीस काढत राहिले.
मग म्हणाले, बरं.

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं.
फुजैराचा म्हातारा, कंदुऱ्याला एक सुरकुती नाही.
त्याने टपावर हात फिरवला,
बैल घेणारा वशिंडावर फिरवतो तसा.
हे मागे उभे, मुलीकडच्यांसारखे,
रुमालाची घडी घालत, मोडत.

इंजिन सुरू झालं आणि मी म्हणून गेले,
तिसरं टॅपेट वाजतंय.
दोघांनी वळून पाहिलं.
मला हे कधी कळायला लागलं?
कुणी शिकवलं नव्हतं.
चौथ्या मजल्यावर झोप येत नाही तेव्हा
माणूस काहीतरी ऐकतच असतो.

म्हाताऱ्याने मलाच विचारलं, मॅडम, कितना?
ह्यांनी अठरा हजार ठरवले होते.
मी म्हटलं, चाळीस.

तो हसला, दात कमी होते.
म्हणाला, बेचना नहीं है, तो चाय पिलाओ.
दोन कप प्यायला. साखर जास्त मागितली.

फीचं काय, ते अजून ठरायचंय.

सकाळी ओट्यावर एक काळं कडं.
उरलेल्या रबरातून कात्रीने कापलेलं,
एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक,
वर पेन्सिलीने लिहिलेलं: ५ लिटर.

बसत नाही.
अजून सांगितलं नाहीये.