हनुवटी

मे महिना. रात्री दोन वाजताही मेडिकलच्या भिंती तापलेल्या,
कॅज्युअल्टीतला कूलर नुसता ओला वारा ढकलत होता.
आठवडाभर मी एकच शब्द लिहीत होते, उष्माघात,
पेनालाही तो पाठ झाला होता.

इंदोऱ्याहून ई-रिक्षात घालून आणलेला सुमेध,
नऊ वर्षांचा, खिशात कांदा.
"ऊन लागलं जी मॅडम," बाप म्हणाला,
"दुपारभर क्रिकेट खेळून राहिला होता.
पन्हं पाजलं, तेही उलटलं."
मी 'उ' लिहिला.

नागराळे सिस्टरनं वरची ट्यूबलाइट बंद केली.
"उजेडाकडून तोंड फिरवून राहिला हा.
पाहा ना एकदा, मॅडम."

मी त्याच्या डोक्याखाली हात घातला.
हनुवटी छातीला लाव, बाळा.
मान वाकली नाही.
खांदे उचलले गेले, पाठ उचलली गेली,
अख्खा पोरगा फळीसारखा एका तुकड्यात,
आणि गुडघे आपसूक पोटाशी आले.

पिंढरीवर चार-पाच जांभळे ठिपके.
"मच्छर चावले," आई म्हणाली.
मी चहाचा ग्लास धुऊन त्यांच्यावर दाबला.
पुसट होईनात. काचेखालून
तसेच बघत राहिले माझ्याकडे.

मग घड्याळाशी भांडण.
रक्त काढलं, स्टेरॉइड, लगेच सेफ्ट्रिआक्सोन,
इथे रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं.
पाठीतल्या पाण्याचं नाव काढलं तसा बाप अडला.
"मणक्यात सुई? पोट्टा लुळा होते म्हणतात."
सुईनं नाही हो, म्हटलं, उशिरानं.
सही करताना त्याचा हात
स्वतःच्याच आडनावात अडखळला.

थेंब थेंब नळीत उतरलं.
नितळ हवं होतं.
तांदळाच्या धुवणासारखं होतं.

सकाळी घरच्या सगळ्यांना कॅप्सूल दिल्या.
लघवी नारिंगी होईल, घाबरू नका.
"नागपूरचीच म्हणा मग," तो म्हणाला.
हसायचं होतं का त्याला, कळलं नाही.

सहाव्या दिवशी, कुणी न सांगता,
सुमेधची हनुवटी छातीला टेकली,
मांडीवरच्या मोबाइलमध्ये गेम बघायला.
सिस्टरनं मागून ट्रे वाजवला.
डावीकडून वळला.
उजवीकडून वाजवला.
पुन्हा वाजवला.

मी चिठ्ठी ओढली,
'उ' लिहिला,
थोडी थांबले.
उजवा कान.